सगुणवाडी की सगोडी

भर दुपारी, ताटातली भाकरी तशीच टाकून इंदू जराशी कलंडते. उशाखाली सकाळीच पाजवलेला कोयता आहे. तिच्या नवऱ्याला, खंडूला मारणारा धोंडिबा जामिनावर सुटलाय आणि संध्याकाळी देवळात येणार आहे. तो तिचा सख्खा भाऊ. असेना का! आज त्याचा मुडदा पाडायचाच.

भांडण कशाचं, तर गावाच्या पाटीचं. ओढ्याच्या वरची आळी सगुणवाडी म्हणते, खालची सगोडी. पाटीवर काय लिहायचं यावरून डोकी फुटली आणि खंडू त्यात गेला.

डोळा लागतो न लागतो तोच खंडू ओट्यावर बसलेला. कपाळातून रक्त ठिबकतंय आणि गडी खुशाल तंबाखू मळतोय!

"अवो, आत तरी या."

"तूच भाईर ये. तुझ्या सासूनं ओढ्यात गूळ चारलेला, आठवतंय का?"

न आठवायला काय झालं? खालच्या आळीतली पोर वर नांदायला आली की सासू ओढ्यातच तिच्या जिभेवर गूळ ठेवते आणि गावाचं नाव वरच्यांसारखं म्हणून घेते. त्या दिवसापासून माहेरचा उच्चार बंद.

उंबऱ्याबाहेर पाऊल टाकते तर पायाखाली ओढाच. पाणी लालभडक. दोन बाप्ये कुऱ्हाडींनी एकमेकांवर तुटून पडलेत, मधे एक बाई, मान अर्धी तुटलेली.

"ही सगुणा," खंडू सांगतो. "नवरा सगुणा म्हणायचा, भाऊ सगू. पाण्यावरनं जुंपली, ही सोडवाया गेली, दोघांचेबी घाव हिच्यावर. मग रडत रडत ज्यानं त्यानं आपल्या काठाला हिचं नाव दिलं. सगुणाची ती सगुणवाडी, सगूची वाडी ती सगोडी."

"आन् ही ओ कुणाला द्यायची?"

"दोघांस्नीबी."

"म्हंजे तुमचं रक्त वाया जाऊ द्यायचं व्हय?" इंदू किंचाळते. कुऱ्हाडवाल्या भावाचं तोंड आता धोंडिबाचं झालंय. ती सगळ्या ताकदीनं कोयता हाणते. घाव त्या बाईवर बसतो. बाई मान वळवते, तर तोंड इंदूचंच!

खंडू तिचा जबडा धरून गूळ कोंबतो. "म्हण आता. दोन्ही म्हण."

ती दचकून उठते. मुठीत कोयता, उशीच्या चिंध्या, अंगभर कापूस. आणि जिभेवर गुळाचा खडा. खंडू गेल्यापासून या घरात गूळ आणलेलाच नाही!

देवळातली घंटा वाजते. इंदू कोयता वळचणीला खोचते. "सगुणवाडी," ती पुटपुटते, आणि मग कित्येक वर्षांनी, "सगोडी." रडू आवरत नाही, पण गूळ काही ती थुंकत नाही.