आत्यांचं मीठ

माझ्या सासूबाई धोंडाबाई. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. राजुरीच्या आमच्या कांद्याच्या रानात दारं धरावीत ती त्यांनीच. पाटाने पाणी येतं. एक वाफा भरला की आत्या खोऱ्याने पुढचं दार मोडतात, मागचं बुजवतात. ओठांत देवीचं नाव. दुरून बघावं तर वाटतं, पाणीच लुगडं नेसून चाललंय.

माझी नणंद मोहिनी लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी गरोदर राहिली, तेव्हा आत्या देवीला बोलून बसल्या, "लेक सुखरूप मोकळी व्हईस्तवर मीठ खाणार न्हाई." मग अळणी आमटी, अळणी भाकरी आणि घास उतरावा म्हणून वर तांब्याने पाणी. रक्तदाबाची, लघवी जास्त करवणारी गोळी चालूच होती. मला आपलं त्यांच्या निष्ठेचं कौतुक.

हळूहळू आत्या समोर बसूनही लांब गेल्यासारख्या वाटायला लागल्या. एका सकाळी रानात एकच वाफा तुडुंब वाहत होता आणि त्या खोरं धरून नुसत्या उभ्या. मी हाक मारली तर म्हणाल्या, "कुणाची गं तू?"

नारायणगावच्या दवाखान्यात रक्त तपासलं. अंगातलं मीठ फार उतरलेलं. सलाईन लावलं, तेही अगदी हळू. आत्या परत माणसांत येतील का, हे डॉक्टरही लगेच सांगेनात.

माझी लेक तेजस्विनी नर्सिंगला आहे. तिला विचारलं, "अगं, मिठाचा नि डोक्याचा काय संबंध?"

"आई, मज्जातंतूच्या पेशीला बारीक दारं असतात. बाहेर मीठ जास्त, आत कमी. दार उघडलं की मीठ आत धावतं, त्यानंच वीज उठते. ती वीज पुढचं दार उघडते, मग त्याच्या पुढचं. मागचं मिटत जातं. आत आलेलं मीठ बाहेर टाकायला पंप असतात, ते झोपेतही चालू."

"लाईट जात नाही त्यांची?"

"गेली तर माणूस राहील का? आजीच्या रक्तातलं मीठच पातळ झालं, म्हणून पाणी पेशींत शिरलं. मेंदूला सूज आली."

"मग भराभर द्या की मीठ!"

"तहानलेल्या रानात एकदम पाट सोडतेस का तू?"

दुपारी खाटेशी बसल्याबसल्या माझा डोळा लागला. आत्यांच्या अंगभर वाफेच वाफे. बोटांपासून कपाळापर्यंत उजेडाचं पाणी चाललेलं. देवी पदर खोचून दारं मोडत होती, बुजवत होती. दमत नव्हती.

"कांद्याचं पाणी कुनी बंद केलं गं?"

जागी झाले. आत्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्याकडेच!

पण डब्यातली आमटी पुढे केली तर तोंड मिटलं. "मीठ हाय यात. मोहिनीला काय झालं म्हंजी?"

"नवस मोडायचा नाही, आत्या. घरातल्या दुसरीनं पुढं चालवला तर देवीला चालतो, तुम्हीच सांगितलंय. तुमचं मीठ सोडवून घेते, त्याच्या जागी माझं गोड देवीकडे गहाण ठेवते."

"च्या बी?"

"चहासुद्धा बिनसाखरेचा."

आत्या हसल्या. "मंग दोन दिसांत तूच मला वळखायची न्हाईस!"

त्यांनी हात जोडले, पुटपुटल्या आणि पहिला घास घेतला. जिभेवर घोळवत डोळे मिटले. मी बघत राहिले. कुठेतरी आत एक दार उघडलं असेल, मग पुढचं.

"मीठ कमी घातलंस, बाई," आत्या म्हणाल्या.