दर्भाचा कावळा

ब्रह्मा घाटावर आमच्या घरासमोर पिंपळ होता आणि त्यावर कावळ्यांची वस्ती होती. मग सरकारला पाखरांचा पुळका आला. त्यांना हक्काचं घर द्यायचं म्हणून सिमेंटचा पक्षीमनोरा बांधायचं ठरलं, आणि मनोऱ्याला जागा हवी म्हणून पिंपळ तोडला. मनोऱ्याला खोपे ठेवले, बाहेरून पोपट रंगवले, साहेबांनी फीत कापली. राहायला मात्र एक पाखरू फिरकलं नाही.

पुढे काका गेले. दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. काकूने घर विकणार नाही असा शब्द दिला. चुलतभाऊ हात जोडून इथल्या सवयीच्या हिंदीत म्हणाला, "पापा, अब मान भी जाइए!" अहो, काका कशाला रुसतील? शिवायला कावळाच उरला नव्हता. सगळे उन्हात ताटकळले, तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला टेकवला.

वर रंगाचे पोपट, खाली गवताचा कावळा. आमच्या घाटावर अस्सल म्हणावं असं आता मरण तेवढं उरलंय. त्याच्या संरक्षणाची योजना अजून निघालेली नाही, म्हणून.