आमच्या दारातली हरळी

किस्से हे सोयाबीनच्या कुटारासारखे, म्हणजे भुशासारखे, असतात. मुद्दाम कोणी साठवत नाही, पण हंगाम संपला की दारात ढीग उभा! त्यात आमच्या रिसोडच्या घरी संध्याकाळी ओट्यावर तीन ज्येष्ठ नागरिक बसतात. एक माझे बाबा, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. दुसरे त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, जे रिठदला शेती करतात आणि जीप मिळाली की इकडे येतात. तिसरे शेजारचे वानखडे सर, जे शाळेतून रिटायर झाले पण शिकवणं थांबवलेलं नाही. तिघं मिळून सल्ल्यांचं गोडाऊन! यंदा हे सगळं गोडाऊन माझ्या लॉनवर रिकामं झालं. आता मैत्रिणी फोनवर 'हॅलो'च्या आधीच विचारतात, "लॉनचं काय झालं?" म्हणून एकदाच सगळं सांगून टाकते.

* * *

बाबांना लॉनची हौस लागली ती कुठल्याशा सरकारी विश्रामगृहासमोर. घर बांधलं तेव्हा त्यांनी ठेकेदाराकडून सतरंजीसारखी गुंडाळून आलेली हिरवळ दारात अंथरून घेतली. पाहुणे आले की चहाच्या आधी लॉन! मग वऱ्हाडातला उन्हाळा आला आणि सतरंजीचं पायपुसणं झालं.

त्याच उन्हाळ्यात मी बी.एस्सी. हॉर्टिकल्चर करून घरी परतले. रिठद फाट्यावर आमच्या वावराची रस्त्याला लागून एक पट्टी आहे. तिथे मला नर्सरी टाकायची होती. बाबांनी ऐकून घेतलं आणि समोरच्या पिवळ्या काथ्याकडे बोट दाखवलं.

"जिले दारातलं गवत जगवता येत नाई, ते लोकायले झाडं इकणार?"

"ते मी कुठी लावलं होतं, बाबा? ते ठेकेदाराचं होतं!"

"मंग तू लावून दाखव. दिवाळीपर्यंत हिरवं झालं तं पट्टी तुई. नाई तं तो वेल्डिंगवाला जागा मागूनच राह्यला."

हा वेल्डिंगवाला गेट आणि ग्रिल बनवायचा. त्याला रस्त्याकाठी शेड टाकायची होती आणि तो रोज बाबांना फोन करायचा.

आई आतून म्हणाली, "लेकीसंगं असा सौदा करते का कोणी?"

"वहिनी," वानखडे सर म्हणाले, "याला चॅलेंज म्हणतात."

सर ज्याला चॅलेंज म्हणतात, ते नेहमी दुसऱ्यालाच करायचं असतं!

* * *

त्या पायपुसण्यात एका कोपऱ्यात, परातीएवढ्या जागेत, थोडं हिरवं शिल्लक होतं. माझी सगळी आशा तिथे. सकाळ-संध्याकाळ मी त्याला झारीनं पाणी द्यायचे.

एका संध्याकाळी मोठेबाबा आले आणि ओट्यावर न बसता गारव्याला त्या कोपऱ्याशी उकिडवे बसले. बियाण्यापासून बोलणं सुरू झालं ते रोह्यांच्या, म्हणजे नीलगायींच्या, त्रासापर्यंत गेलं. मी आत जाऊन चहा टाकला. चहा घेऊन बाहेर येते तर कोपरा साफ! बोलता बोलता मोठेबाबांनी मुळासकट सगळं निंदून काढलं होतं, माती झटकली होती आणि पेंडी बांधून बाजूला ठेवली होती.

मी ओरडलेच. "मोठेबाबा! काय केलं हे?"

त्यांनी आपल्या हाताकडे असं पाहिलं की जणू तो शेजाऱ्याचा आहे.

"मी कुठी केलं, माय? गवत दिसलं की हात चालते."

वर विचारतात कसे, "गाईले टाकू का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं. मी ती पेंडी उचलली आणि नळाकडे भिरकावली.

* * *

पुढे बरेच दिवस मी त्या बाजूला पाहिलंही नाही. ऊन असं की दुपारी फाटकाच्या कडीला हात लावता येत नव्हता. ओट्यावर एकच विषय: लॉनच्या जागी गट्टू बसवावेत का फरशी?

एकदा पाय धुवायला नळाशी गेले. पेंडी वरून वाळून कुरकुरीत झाली होती. पायानं ढकलायला गेले, तर ती हलेना! खाली वाकून पाहिलं. गळक्या नळाचे थेंब पडत होते तिथे प्रत्येक पेरातून पांढरं मूळ निघून जमिनीत शिरलं होतं, आणि शेजारून सुईच्या टोकासारखा हिरवा कोंब वर आला होता. उपटलेलं, झटकलेलं, बांधलेलं, फेकलेलं, वैशाखात भाजलेलं गवत! मी तिथेच बसून राहिले. चार वर्षं कॉलेजात पेराला डोळा असतो असं लिहून मार्क घेतले होते. तो डोळा उघडताना त्या दिवशी पाहिला.

ती हरळी होती. विकतची सतरंजी केव्हाच मेली होती. कोपऱ्यात जे जगलं होतं, ते तिच्या फटीतून आपणहून आलेलं आपल्या वावरातलं गवत होतं.

मी ठरवलं, लॉन हरळीचंच करायचं.

* * *

हे ऐकून ओट्यावर जो गोंधळ उडाला, तसा मी दहावीचा निकाल सांगतानाही पाहिला नव्हता. शेतकऱ्याच्या घरात हरळी लावणं म्हणजे चोराला जेवायला बोलावून रात्री राहायचा आग्रह करणं!

"हरळी?" मोठेबाबा उभे राहिले. "आमी जिंदगी घातली हे काढण्यात, न तू लावून राह्यली?"

"कुठी मिळंन तेवढं सांगा."

"मिळंन काय, पोट्टे? माह्या धुऱ्यावर हाये, बांधावर हाये, तुरीत हाये. लागन तेवढी ने! मजुरीबी मागत नाई मी."

दुसऱ्याच दिवशी रिठदच्या जीपच्या टपावर पोतीच्या पोती आली. ड्रायव्हरनं उतरवून देताना विचारलं, "ताई, म्हशी किती हायेत तुमच्याकडं?"

आम्ही लॉन लावतोय म्हटल्यावर तो पोती परत चढवायला लागला. त्याला वाटलं, पत्ता चुकला!

* * *

लावायच्या आधी जमीन पोकळ करायला मी सब्बल घेतली. पहिल्याच घावाला ठण्ण! ठेकेदारानं सतरंजीखाली काय काय झाकलं होतं: विटांचे तुकडे, गोठलेलं सिमेंट, प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि एक डाव्या पायाची चप्पल.

वानखडे सर कुंपणावरून म्हणाले, "हडप्पा लागलं का?"

"सर, उजवी सापडली की बोलावते."

सगळा मलबा काढून शेणखत घातलं आणि हरळीचे तुकडे टोचले. पावसाळा सुरू असताना काळी माती त्यांना अशी धरून बसली की एकही वाहून गेला नाही. काही आठवड्यांनी कडेची फरशी सरळ करायला मी एक ढेकूळ उचललं आणि हातातच धरून राहिले. वर बोटाच्या पेराएवढं गवत, आणि खाली हातभर मुळं! मातीच्या एका बारीक भेगेतून पांढरे दोरे सरळ खाली गेले होते. वर दिसतं ते नुसतं टोक होतं. खरं झाड खालीच राहत होतं.

मी ते बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, पाहिलं, चष्मा काढला.

"पावसाळ्यात तं गोटेबी हिरवे होते."

हे असं असतं! वडीलधाऱ्यांना पुरावा दिला की ते कोर्ट बदलतात.

* * *

सगळीकडे हिरवं धरायला लागलं, तेव्हा वानखडे सरांना राहवेना. मी एक दिवस वाशिमला गेले होते. भर दुपारी त्यांनी त्यांच्याकडचा युरिया आणला आणि मूठमूठ फेकला. "कपाशीले चालते तं याले काहून नाई?" हे त्यांचं शास्त्र!

परत आले तेव्हा काही कळलं नाही. दोन-तीन दिवसांनी मात्र हिरव्यावर पिवळ्या-जळक्या कमानी उमटल्या. सर कुठे उभे राहिले, कोणत्या हातानं फेकलं, कुठे दम लागला, सगळं गवतानं जसंच्या तसं दाखवलं. आई म्हणाली, "सर डावखुरे हायेत हे आजच समजलं."

मी पाणी देत राहिले. सर लपूनछपून कुंपणाशी येऊन बघायचे. कमानी दोन्ही बाजूंनी भरत आल्या आणि एके सकाळी दिसेनाशा झाल्या. सर कुंपणावरून वाकले.

"माफ केलं वाटते यानं," ते हळूच म्हणाले.

"त्यानं केलं, सर. मी अजून नाई."

* * *

मग आले गणपती. आमचं बौद्धांचं घर, हॉलमध्ये बुद्धमूर्ती, त्यामुळे गणपतीशी लॉनचा काही संबंध येईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. पहिल्याच सकाळी फाटकाशी कॉलनीतल्या चार बाया, हातात ताटल्या!

"वैनी, दुर्वा हायेत म्हणे तुमच्याकडं?"

दुर्वा म्हणजे हरळीचेच कोवळे शेंडे! आई मोकळेपणानं म्हणाली, "घ्या ना, बाई. देवाच्या कामाचं हाये तं कायले इचारता?"

मी आडवी पडायचीच बाकी होते. पण आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी आत गेले. रोज सकाळी बाया यायच्या, उकिडव्या बसायच्या, गप्पा मारत एकेक शेंडा खुडायच्या. कोणाची सून कशी, कोणाचा पंखा बिघडला, सगळं माझ्या लॉनवर. मी खिडकीतून दातओठ खात पाहायचे.

विसर्जनाच्या दिवशी बाहेर आले आणि पाय पुढे पडेना. जिथे जिथे शेंडा खुडला होता, तिथे बगलेतून दोन-दोन फुटवे निघाले होते. माती दिसतच नव्हती! कोणत्याही मशीननं झाली नसती अशी एकसारखी, दाट, बुटकी हिरवळ. सगळ्या कॉलनीच्या बोटांनी विणलेली!

वानखडे सर म्हणाले, "पुढच्या साली दोनदा बसवा म्हणावं गणपती!"

* * *

दिवाळीच्या तोंडावर मला पाहायला पाहुणे आले, केनवडहून. मला न विचारता ठरवलेलं. सरांनीच स्थळ आणलं होतं. पोहे झाले, चहा झाला, मुलगा काही बोलला नाही. मुलाचे वडील ओट्यावर आले, तोंडातला खर्रा घोळवला आणि लॉनवर पच्चकन थुंकले.

"काका," मी म्हटलं, "थुंकायचं असन तं नाली तिकडं हाये."

"गवत तं हाये, पोरी!"

"तुमच्या तोंडात खर्रा हाये, म्हणून मी तुमाले पिचकारी म्हणते का?"

पाहुणे चप्पल घालून गेले. आई म्हणाली, "पोरगं बरं दिसत होतं."

"त्यानं तोंड उघडलं असतं तं समजलं असतं," मी म्हटलं.

बाबा एकच वाक्य बोलले, तेही फोनवर, मला ऐकू जाईल अशा आवाजात. "हौ, दिवाळी झाली की ये. जागेचं पाहून घेऊ."

वेल्डिंगवाल्याला!

त्यानंतर मी बाबांशी बोलणं बंद केलं. दिवाळी त्याच अबोल्यात गेली. लॉन हिरवंगार होतं. सकाळी त्यावर दव पडायचं, कोळ्यांची जाळी चमकायची, चिमण्या उतरायच्या, आणि बाबा ओट्यावर पेपर उघडून त्याच्या मागे बसायचे. तोंडातून 'झालं' म्हणून निघेना!

* * *

आणि मग ती सकाळ.

वेल्डिंगवाला आला तो एकटा नाही. टेम्पो घेऊन आला. टेम्पोत शेडचे लोखंडी पाइप आणि पत्रे. फाट्यावरची जागा मिळालीच असं धरून, शेड उभी होईपर्यंत तो माल आमच्या आवारात ठेवायला निघाला होता. आई पदर तोंडाशी धरून दारात. मोठेबाबा आणि सर ओट्यावर. मी फाटकाशी, मुठी आवळून.

आमचं घर गल्लीच्या शेवटी. गल्ली अशी चिंचोळी की आत आलेली गाडी वळवायची तर एकच जागा, आमचं दार. टेम्पोच्या ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढली, लॉनकडे पाहिलं आणि स्टिअरिंग मारलं. पुढचं चाक फरशीवर चढलं.

"थांब!"

बाबांचा आवाज. मी तो आवाज लहानपणी स्टँडवर ऐकला होता, नंतर कधीच नाही.

बाबा ओट्यावरून उतरले. अनवाणीच, लॉनच्या कडेकडेनं गेले. टेम्पोचं दार उघडलं. "उतर," ते ड्रायव्हरला म्हणाले. तो उतरला. बाबा वर चढून बसले, चाक फरशीवरून खाली घेतलं आणि रिव्हर्स टाकला.

ती अख्खी गल्ली! एका बाजूला नाली, दुसऱ्या बाजूला मोटरसायकली, मध्येच विजेचा खांब, पुढे कोणाच्या तरी पाण्याच्या टाक्या, आणि टपावरून पुढे आलेले लांब पाइप भिंतींना घासतात की काय असे. बाबा मान बाहेर काढून मागे पाहत होते आणि टेम्पो उलटा, सरळ रेषेत, दोरी ओढल्यासारखा जात होता. एक आरसा घासला नाही. बाया दारात आल्या. वानखडे सर ओट्यावरून उतरून गल्लीत आले. ड्रायव्हर बाजूनं पळत होता, तोंड उघडं.

वेल्डिंगवाला मागून ओरडला, "काका! माल तं उतरू द्या! का मंग फाट्यावरच उतरवून राह्यले?"

बाबांनी त्याच्याकडे न पाहताच सांगितलं, "फाट्यावर आता झाडं लागतीन." गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला. खिडकीतून त्यांनी मान लांब केली आणि आवाज दिला, मला:

"पाहून काय राह्यली वं? फाटक लाव! बकऱ्या शिरतीन!"