टोआकासेनं ग्रुप सोडला

टोआकासे आमच्या शाळेत सहावीला शिकवते आणि मी पाचवीला. दोन वर्गांच्या मधली प्लायवूडची भिंत छपरापर्यंत पोचत नाही, त्यामुळे तिचा वर्ग मला रोज फुकटात ऐकावा लागतो. बाकीच्या वर्गांतून पाढे ऐकू येतात आणि हिच्या वर्गातून डुकरं ओरडतात.

डुकरं म्हणजे बातम्या. तिची पोरं दर शुक्रवारी फोनवर गावच्या बातम्या करतात. एक पोरगी केसांत फूल खोचून टेबलामागे बसते आणि गंभीर चेहऱ्यानं सांगते, "पाद्रीसाहेबांच्या डुकरिणीनं आज पुन्हा शाळेची अळकुडी उकरली. आमचे प्रतिनिधी घटनास्थळी आहेत." मग प्रतिनिधी डुकरिणीच्या मागे धावतो आणि पडतो. पहिल्यांदा ही बातमी गावभर फिरली तेव्हा पाद्रीसाहेब रागारागानं शाळेत आले होते. टोआकासेनं त्यांना खुर्ची दिली, शहाळं दिलं आणि कॅमेऱ्यापुढे बसवून डुकरिणीची बाजू मांडायला लावली. आता तेच विचारतात, पुढची मुलाखत कधी म्हणून.

इंग्रजीचंही तसंच. पलीकडच्या बेटावरच्या शाळेला ती व्हिडिओ कॉल लावते. आमचं एक पोर फडक्याखाली काहीतरी लपवतं आणि तिकडच्या पोरांनी इंग्रजीत प्रश्न विचारून ते ओळखायचं. एकदा फडक्याखाली खेकडा होता आणि तो निसटला. त्या दिवशी पोरं इंग्रजीत किंचाळलीसुद्धा. वर्षभर छडी आपटून मी एवढं इंग्रजी वदवून घेऊ शकले नसते. हे कबूल करायला माझ्या जिवावर येतं, पण खोटं कशाला बोलू?

अशी ही टोआकासे. अंगानं भरभक्कम, वर्गात अनवाणी, हसली की बंदरावर ऐकू जाईल असं हसणारी. लग्न केलं नाही. "मागणी घालायला आलेले सगळे माझ्यापेक्षा हळू बोलायचे," म्हणते. घरात ती आणि तिच्या भावाची मुलगी लाटाई, दोघीच. लाटाईची आई वारली आणि वर्षाच्या आत तिचा बाप, सामीऊ, ऑस्ट्रेलियात मिल्ड्युराकडे संत्री तोडायला गेला. त्याला आता चार वर्षं झाली. आमच्या हापाई बेटांवरचे निम्मे बाप तिकडेच आहेत, पण बाकीचे हंगाम संपला की घरी येतात. सामीऊ आला नाही.

दर रविवारी चर्च झालं, उमूतलं, म्हणजे जमिनीतल्या भट्टीतलं, जेवण झालं, की सगळ्या बेटावर फोन वाजायला लागतात. लाटाईचाही वाजायचा. ती स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बोलायची.

"जेवलीस?"

"हो."

"शाळा?"

"आहे."

"आत्याचं ऐकतेस ना?"

"हो."

मग दोघंही गप्प. टोआकासे तिथेच पाठ करून बसायची, पण मध्ये एक अक्षर बोलायची नाही. आमच्यात भाऊ-बहीण वयात आले की गप्पा मारत नाहीत. एका खोलीत बसून सिनेमा बघत नाहीत. तरुणपणी गावच्या हॉलमध्ये पडदा लागला आणि सामीऊ दारातून आत आला, की टोआकासे मागच्या दारानं बाहेर पडायची. मी तिच्याबरोबर बाहेर पडायचे, त्यामुळे कित्येक सिनेमांचे शेवट मला आजही माहीत नाहीत. राजधानीतली पोरं हल्ली हे फारसं पाळत नाहीत म्हणे. आम्ही पाळतो.

"सेलू," ती मला एकदा म्हणाली, "अजून एक वर्ष असं गेलं ना, तर या पोरीला बाप म्हणजे नाताळला खोकं पाठवणारा माणूस एवढंच कळेल. तिच्याकडे बोलायला काही नाही आणि त्याच्याकडेही नाही."

"मग तू काय करणार?"

"मी मास्तरीण आहे. गृहपाठ देणार."

आणि खरंच तिनं बापांना गृहपाठ दिला! सहावीतल्या पोरांचे जेवढे बाप परदेशात होते, त्यांचा फोनवर एक ग्रुप केला. गृहपाठ असा, की बापानं आपलं एखादं काम पोरांना शिकवणारा छोटा व्हिडिओ पाठवायचा. मग पोरांनी आपलं एखादं काम बापाला शिकवायचं. शेवटी सगळं जोडून वर्गाचा एक सिनेमा करायचा आणि बक्षीस समारंभाला चर्चच्या हॉलमध्ये दाखवायचा.

बाप लोक लहान पोरांसारखे चेकाळले. एकानं संत्र्याच्या झाडाला शिडी कशी लावायची ते दाखवलं आणि मुद्दाम पडून दाखवलं. एकानं मुकादमाची चाल करून दाखवली, ती इतकी हुबेहूब की मागून खऱ्या मुकादमाचाच आवाज आला. वर्गात हशा आणि टाळ्या. लाटाई रोज विचारायची, "बाई, माझ्या बाबांचा आला?" वर्गात ती आत्याला बाईच म्हणते.

एके दिवशी आला. टोआकासेनं तो वर्गापुढे लावला. दारातून मीही डोकावले.

संत्र्यांच्या बागेत सामीऊ ताठ उभा. पांढरा इस्त्रीचा शर्ट, टाय आणि कमरेला चटई गुंडाळलेली, जशी आम्ही चर्चला नाहीतर मयताला जाताना गुंडाळतो. हात पुढे बांधलेले. "आदरणीय बाई, आदरणीय शाळा," त्यानं सुरुवात केली. "परमेश्वराच्या कृपेनं माझं काम संत्री तोडण्याचं आहे. संत्री तोडताना शिस्त लागते. मुलांनीही शिस्त पाळावी. वडीलधाऱ्यांचा मान राखावा. चूकभूल पदरात घ्यावी." मान लववली आणि संपलं.

मग मागून कुणीतरी हळूच विचारलं, "कुणी मेलंय का?"

जो हशा उसळला, तो काही केल्या थांबेना. लाटाई उठली, दप्तर घेतलं आणि घरी निघून गेली. त्या रविवारी फोन वाजला तेव्हा तिनं सांगितलं, डोकं दुखतंय. पुढच्या रविवारीही दुखलं.

माझा नवरा फेलेती सामीऊचा बालमित्र. तो त्याच्याशी बोलला आणि तोंड पाडून माझ्याकडे आला. "तो पुन्हा दोन वर्षांचा करार करतोय. म्हणतो, पोरीला मी नकोच आहे, तिच्याकडे फोन घ्यायलाही वेळ नाही. मग येऊन कुणाचं तोंड बघू?"

मी तशीच टोआकासेकडे गेले. ती ओसरीवर चटई विणत बसली होती. ऐकलं आणि तिचा पारा चढला.

"ओंडका! लाकडाचा ओंडका आहे माझा भाऊ! बाकीचे बाप नाचतात, पडतात, गातात. आणि हा? पोरीला एक मिनिट हसवायला सांगितलं तर प्रवचन! चटई काय गुंडाळतो, टाय काय लावतो! झाडांना बाप्तिस्मा द्यायला गेलाय का?"

"टोआकासे," मी म्हटलं, "तू सामीऊसमोर कधी नाचली आहेस?"

"वेडी आहेस का? भावासमोर?"

"गाणं? थट्टामस्करी? रडणं?"

"सेलू, आज तू काय खाऊन..." आणि ती थांबली. हातातली पात तशीच राहिली.

"ग्रुप माझा आहे," ती म्हणाली. "त्यानं जे पाठवलं ते मला पाठवलं."

ती वर्गाची मास्तरीण होती, हे खरं. पण सामीऊच्या लेखी ती आधी थोरली बहीण. आणि आमच्यात आत्याचा मान बापाच्या वर. पोराच्या लग्नात, मयतात आत्या बसते सगळ्यांत वरच्या जागी आणि बाप वाढायला उभा असतो. अशा बहिणीनं बघायच्या व्हिडिओत त्या बिचाऱ्यानं डोक्यावर संत्रं ठेवून नाचायचं? त्यानं चटई गुंडाळली यात नवल काय! नवल हे, की पोरांच्या घराघरांतली नाती तोंडपाठ असलेल्या बाईला स्वतःचं नातं वर्गात येऊन बसलेलं दिसलं नाही.

"मग आता?" मी विचारलं.

"आता मी बाहेर."

"कुठून बाहेर? अगं, सिनेमा तुझा आहे. कल्पना तुझी, पोरं तुझी!"

"आणि ती लाटाई? ती कुणाची?"

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात सांगितलं, "पोरांनो, इथून पुढे सिनेमा तुमचा. काय ठेवायचं, काय कापायचं, तुम्ही ठरवा. अडलं तर पाचवीच्या सेलुवायाबाई आहेत. मी यातलं काहीही बघणार नाही, हॉलमध्येसुद्धा नाही. हे तुमच्या बापांना जसंच्या तसं कळवा." मग माझं नाव ग्रुपमध्ये घातलं आणि स्वतः बाहेर पडली. 'टोआकासे यांनी ग्रुप सोडला' एवढी बारीक ओळ सगळ्यांच्या फोनवर उमटली. तिकडे बागांमध्ये बाप घाबरले. बाई आजारी आहेत का, बाईंना नोकरीवरून काढलं का, मला निरोपावर निरोप. फक्त सामीऊनं काही विचारलं नाही.

संध्याकाळच्या आत त्याचा व्हिडिओ आला, ग्रुपवर नाही, माझ्या एकटीच्या फोनवर.

मी तो लाटाईच्या शेजारी बसून पाहिला. खोलीतल्या चुलीपुढे सामीऊ उघडाबंब. त्यानं अंडं फोडलं, ते निम्मं तव्यावर आणि निम्मं पायावर. मग डोक्यावर संत्रं ठेवून कंबर हलवत खोलीभर नाचला. मोठा वाईट नाचतो. लाटाई तोंड दाबून हसत होती. मग तो कॅमेऱ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "लाटाई, मला तुझ्याशी काय बोलावं तेच कळत नाही गं. तुझी आई गेली आणि मी पळालो. तू थेट तिच्यासारखी दिसतेस. दर रविवारी फोन लावायच्या आधी मी तोंड धुऊन येतो." मग बशा पुसायच्या फडक्यात तोंड घालून तो रडला. आमच्या बेटावरचा कुठलाही पुरुष बहिणीसमोर असा रडणार नाही. मेला तरी नाही.

लाटाईनं तो पुन्हा पुन्हा पाहिला. मग माझ्याकडून शिकून तिनं त्याचे दोन तुकडे केले. अंडं आणि नाच वर्गाला दिला. "हा दुसरा माझा," ती म्हणाली आणि फोन छातीशी धरून बसली.

बापाला काय शिकवायचं हेही तिनंच ठरवलं. वेणी! नारळाच्या काथ्याचे तीन दोर खिळ्याला बांधून तिनं सावकाश, अगदी आत्यासारखं दटावत शिकवलं. "हा दोर यावरून. नाही बाबा, तो नाही. इकडे बघा." चार दिवसांनी सामीऊनं फांदीला सुतळ बांधून घातलेली वेणी पाठवली. ती वेणी कमी आणि जाळ्याचा गुंता जास्त होता. "नापास," लाटाईनं कळवलं. "पुन्हा करा." त्यानं पुन्हा केली.

समारंभाच्या दिवशी हॉल खच्चून भरला. टोआकासे हॉलमागे, खिडकीकडे पाठ करून चटईवर बसली होती. हेडमास्तर दोनदा बोलवायला गेले आणि दोनदा परत आले. पडद्यावर सामीऊची गुंता झालेली वेणी आली, तेव्हा सगळा हॉल पोट धरून हसला आणि पाद्रीसाहेबांनी डोळे पुसले. मी धावत बाहेर गेले.

"कुणाला हसले एवढे?" तिनं विचारलं.

"तुझ्या भावाला."

"बरं," ती म्हणाली आणि समारंभानंतरच्या जेवणाचे पदार्थ मांडायला उठली.

रविवारी दुपारी मी तिच्याकडेच होते. फोन वाजला. टोआकासे सवयीनं पाठ करून बसली. पण लाटाईनं फोन उचलला, "थांबा हं बाबा" म्हणाली आणि तडक परसात, नीरफणसाच्या पलीकडे निघून गेली. तिकडून तिचं बोलणं नुसतं गुणगुणल्यासारखं ऐकू येत होतं. बोलणं थांबतच नव्हतं.

"आजवर माझ्याजवळ बसून बोलायची," टोआकासे म्हणाली. "बरं वाटतंय सेलू. आणि वाईट वाटतंय. दोन्ही वाटतंय."

"मग रड थोडी."

ती रडली. मोठ्यानं हसणारी बाई रडते मात्र अगदी मुकाट. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.

तेवढ्यात लाटाई पळत आली. टोआकासेनं घाईघाईनं तोंड पुसलं.

"आत्या, बाबांनी करार केला नाही. ते म्हणतात, आत्याला विचार, नाताळला घरी येऊ का?"

मला वाटलं, टोआकासे आता पुन्हा रडते.

"मला विचारतो?" ती ओरडली. "मी माझा ग्रुप सोडला, माझा सिनेमा सोडला, खिडकीकडे पाठ करून डास मारत बसले, आणि हा अजून परवानगी मागतो? सांग त्याला, ये म्हणावं! पहिल्या बोटीनं ये!"

"फोनची बॅटरी संपली, आत्या."

मी माझा फोन पुढे केला. लाटाईनं तो जवळजवळ हिसकावला आणि तशीच परसाकडे पळाली.