सगळ्यांच्या मागची गाडी

"बूट दाखव."

अण्णा मला पहिल्यांदा भेटले तेव्हा हेच बोलले. नमस्कार नाही, नाव-गाव नाही. खाली मान घालून ते माझ्या पायांकडे बघत होते. मला मराठी कळलं नाही असं वाटून कन्नडमधून पुन्हा म्हणाले, "बूट तोर्सु."

मी चपला घालून आलो होतो.

"घरी जा, बूट घालून ये. आम्ही थांबतो."

दीडशेएक मोटारसायकली मैदानावर धडधडत होत्या, आणि मी ओशाळून केशवापूरला परत निघालो. बूट घालून आलो तर मैदान रिकामं. एका कडेला जुन्या काळ्या गाडीवर अण्णा तेवढे बसलेले.

"बाकीचे?"

"गेले. मी शेवटचाच असतो. चल."

मोबाईल यायच्या आधीची ही गोष्ट. दसऱ्यानंतरच्या रविवारी हुबळी-धारवाडचे मोटारसायकलवाले एकत्र निघत. कलघटगी, यल्लापूर, मग अरबैल घाट उतरून अंकोल्याचा समुद्र. मी कचेरीतला कारकून, नवी गाडी घेतलेला. हौसेनं सामील झालो होतो. अण्णा जुन्या हुबळीत राहत आणि एका दवाखान्यात अपघाताच्या वॉर्डात ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं यात त्यांची वीसेक वर्षं गेली होती. त्यांचं नाव कुठल्यातरी रजिस्टरात असेल. आम्हाला ते अण्णाच.

निघायच्या आधी ते प्रत्येकाची गाडी बघत. टायर अंगठ्यानं दाबत, साखळी बोटानं उचलत, ब्रेक दोनदा ओढून बघत. दिसायला ऐटदार म्हणून कुणी आरसे काढून टाकले असले, तर ते म्हणत, "मागनं कोण येतंय ते बघायची लाज वाटते का रे?" आणि पिशवीतून जुना आरसा काढून स्वतः बसवून देत. पण सुरुवात बुटांपासूनच. मी एकदा कारण विचारलं.

"डोकं फुटलेला डॉक्टरकडे जातो. पाय सोललेला माझ्याकडे येतो. मी माझं काम कमी करतोय."

त्यांना कुणाचं नाव लक्षात राहत नसे, बूट मात्र राहत. लाल नाडीवाला, पोलिसी बूटवाला, मामाचे बूटवाला अशी आमची नावं. मी अर्थातच कायमचा चप्पलवाला.

मला कुतूहल होतं ते निराळ्याच गोष्टीचं. अण्णा कायम सगळ्यांच्या मागे का? गाडी जुनी असली तरी दमदार होती. हात तर असा सफाईदार, की खड्ड्यांतून जातानाही मागच्या पिशवीतली बाटली वाजायची नाही. कुणी म्हणे भित्रे आहेत, कुणी म्हणे धूर खायची सवय आहे. शेवटी कलघटगीच्या चहाला मीच विचारलं.

"मागनं चांगलं दिसतं," ते म्हणाले.

"काय दिसतं?"

"माणसं."

एवढंच बोलून त्यांनी बशीत चहा ओतला.

माझ्या चौथ्या वर्षी पाऊस लांबला होता. घाटात धुकं होतं, आणि खनिजाच्या ट्रकांमधून सांडलेल्या लाल मातीचा रस्त्यावर चिखल झालेला. आम्ही जीव मुठीत धरून उतरलो. पायथ्याच्या हॉटेलात भजी मागवली, सुटलो म्हणून हसायला लागलो. नेहमीप्रमाणे अण्णा शेवटी आले. आले ते टेबलांखाली वाकून बघत फिरू लागले.

"पांढरा कॅनव्हास कुठाय?"

धारवाडचे एक शाळामास्तर त्या वर्षी पहिल्यांदाच आले होते. त्यांच्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट होते, एवढं मलाही आठवलं.

"पुढे गेले असतील हो अण्णा," कुणीतरी म्हणालं. "समुद्राची घाई झाली असेल."

"पुढं गेला असेल तर बरंच आहे. पण मागं असेल, तर मी त्याला ओलांडून आलोय." अण्णांचा चेहरा उतरला होता. भज्यांकडे न बघता त्यांनी गाडी वळवली. मीही मागोमाग निघालो. का, ते सांगता येत नाही. त्यांना एकटं जाऊ देणं बरं वाटलं नाही, इतकंच.

प्रत्येक वळणावर ते थांबत. "गाडी बंद कर. ऐकू दे." मग कठड्याशी उभे राहून ओरडत, "यार अदारी? कोण आहे का?" आणि बराच वेळ नुसते उभे राहत. सहाव्या वळणावर मी कंटाळलो.

"अण्णा, मास्तर अंकोल्याला भजी खात बसले असतील."

"खाऊ दे. मग उद्या सगळे मिळून माझी चेष्टा करा."

पुढच्या वळणावर मात्र खालून आवाज आला. टक, टक. थोडं थांबून पुन्हा टक, टक.

मास्तर रस्त्यापासून दोन पुरुष खोल झुडपात पडले होते. गाडी उलटलेली, पाय तिच्याखाली, आणि हातातला दगड ते टाकीवर आपटत होते. अण्णा बसूनच घसरत खाली गेले. मी पोचलो आणि मास्तरांना मोकळं वाटावं म्हणून त्यांच्या हेल्मेटला हात घातला.

"हात लावू नको!"

अण्णांचा एवढा चढलेला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. "मान दुखावली असेल तर कायमचा अधू करशील त्याला. डोकं दोन्ही हातांनी नुसतं धरून ठेव." मग खाली बसून ते मऊ आवाजात म्हणाले, "मास्तर, बोटं हलवा बघू. दोन्ही पायांची."

बोटं हलली. अण्णांनी दीर्घ श्वास सोडला. स्वतःचा पंचा फाडून, दोन फांद्या लावून त्यांनी पाय बांधला. मी वर जाऊन ट्रक थांबवला. ट्रकमधली फळी खाली नेली, मास्तरांना तिच्यावर निजवलं आणि ट्रकवाले दोघं धरून चौघांनी मिळून वर आणलं.

यल्लापूरच्या दवाखान्यात शुद्ध नीट आल्यावर मास्तर सहज म्हणाले, "अण्णा, तुमची गाडी वरून गेली ना, ती मला ऐकू आली होती. मी हाक मारली."

अण्णा उठून गेले. बाहेर नळावर ते किती तरी वेळ हात धूत राहिले. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, "वॉर्डात माणूस पडल्यानंतर येतो रे. वाटलं, एकदा तरी तो पडतो तिथं आपण असावं. म्हणून मागं राहतो. आणि होतो तिथं, तर इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू आली नाही."

त्या वर्षी आम्ही दोघांनी समुद्र पाहिला नाही.

पुढल्या वर्षी अण्णांनी नियम केला. मागची गाडी आरशात दिसली नाही तर थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढचाही थांबेल. घाटातल्या दर वळणावर ते स्वतः इंजिन बंद करून ऐकत. त्यामुळे सगळ्यांना उशीर व्हायचा, आणि कुरकुर झालीच. "असं चाललो तर समुद्र आटेल," एकजण म्हणाला. थोडे लंगडत मास्तर आले. कुणाशी वाद न घालता त्यांनी आपली गाडी अण्णांच्या लगेच पुढे लावली. कुरकुर थांबली.

पुढं बरीच वर्षं अण्णा येत राहिले. मग एका उन्हाळ्यात, निवृत्त होऊन वर्ष व्हायच्या आत, छातीत कळ आली आणि ते गेले. आयुष्यभर ज्या दवाखान्यात लोकांना पट्ट्या बांधल्या तिथं पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

काही महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीनं, अक्कांनी, चहा दिला आणि जरा वेळानं विचारलं, "तो समुद्र किती लांब आहे हो?"

अक्कांनी तो कधीच पाहिला नव्हता. मी आणि माझी बायको त्यांना बसनं अंकोल्याला घेऊन गेलो. पातळ जरा उचलून त्या घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या. लाट आली की मागे सरत, पुन्हा पुढे होत. मग थांबून त्यांनी खोल श्वास घेतला.

"हाच वास," त्या म्हणाल्या. "इथनं आले की त्यांच्या सदऱ्याला यायचा. मी तो लगेच धुवायची नाही. दोन दिवस नुसता खुंटीला ठेवायची."

मग त्या कोरड्या वाळूत बसल्या. परतीची बस कितीला आहे हे त्यांनी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही.