घोडीचं पुढं काय झालं

"हिरोकडे कोन पाह्यते बे, मी तं घोडीचे कान पाह्यत होतो," असं मागच्या सीटवरून ऐकू आलं आणि मी हळूच मान वळवली. वरवट बकालच्या बसमध्ये एक म्हातारे काका शेजारच्या मित्राला घोडीचा इंग्रजी सिनेमा सांगत होते. पिशवीचे बंद त्यांनी लगामासारखे धरले होते. घोडी धावू लागली की तेही सीटवरून अर्धे उठत.

सिनेमा त्यांनी जिनिंग कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीतल्या टीव्हीवर पाहिला होता, कापसाची गाडी रांगेत लावून. घोडी पुराच्या नदीपाशी आली, तिचं घर पल्याड, आणि तेवढ्यात काकांच्या गाडीचा नंबर लागला, उठावं लागलं.

"मंग? गेली का घरी?" मित्रानं विचारलं.

"काय मालूम. कितीक जनाले इचारलं, कोनालेच माहीत नाही."

"वाहून गेली असंल."

"माती पडो तुह्या तोंडात," काका म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली म्या माही घोडी इकली ना. तवापासून हे लयच डोक्यात येते."

हीच घोडीची गोष्ट मी शाळेत असताना एका पुस्तकात दोनदा वाचली होती. सिनेमा त्या पुस्तकावरूनच काढलेला. बसमध्ये अनोळखी माणसांशी मी कधीच बोलत नाही. बस थांबली, काका दारापर्यंत पोहोचले, आणि मी उभी राहून जवळजवळ ओरडलेच, "पोहत येते ती, काका. आणि एकटी नाही, मागं शिंगरूसुद्धा असतं."