बावीस कॅसेटी अन् एक काळा ठिपका

मित्रहो, आज बुलढाण्याले गेलो अन् मूर्ख ठरून डोणगावले परत आलो.

सोबत पेटी होती. तिच्यात जुना व्हिडिओ गेम अन् त्याच्या बावीस कॅसेटी. पुढं सोन्यावानी भाव येईन म्हणून पंधरा वर्षं जमवल्या. प्लास्टिकसुद्धा काढलं नाही. पोरगी लहान होती तवा रडायची, "बाबा, एकडाव खेळू द्या ना!" मी ओरडायचो, "हात नको लावू वं, भाव उतरते! तुह्याच शिक्षणाले कामी येतीन."

आज तिथं जुना माल विकत घेणाऱ्यानं एका कॅसेटीचे स्क्रू खोलले. आत चिपच्या जागी डांबरासारखा काळा ठिपका. मंग एकेक करून साऱ्याच खोलल्या.

"काका, ही डुप्लिकेटची खूण. ओरिजिनल माल आपल्या इकडं आलताच कुठं?"

घरी येऊन पेटी पोरीपुढं ठेवली. म्हटलं, "घे, खेळ."

तिनं टीव्हीच्या मागं वाकून पाह्यलं. "बाबा, याची पिन लावाले नव्या टीव्हीत जागाच नाही."

कोणाकडं जुना डब्बा टीव्ही चालू आहे का हो? एका दुपारपुरता द्या. पोरगी येत्या सोमवारी नोकरीले पुण्याले जाऊन राह्यली.